बारीक तार जास्त टिकते : माउंटन बाइक हलकी करण्यामागचं गणित

एका पावसाळ्यात माझ्या सायकलच्या मागच्या चाकाच्या तारा एकामागून एक तुटायला लागल्या. वाट दगडगोट्यांची असो की साधा डांबरी रस्ता, अचानक टक्क असा आवाज यायचा आणि चाक लडबडायला लागायचं. तिसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा मेकॅनिककाकांनी तुटलेली तार माझ्या एका हातावर ठेवली आणि दुसऱ्या हातावर एक नवी तार ठेवली. नवी तार दोन्ही टोकांना जुनीइतकीच जाड होती, मध्ये मात्र बोटांना जाणवेल इतकी बारीक. "ताई, आता सगळं चाक या तारांनी विणू. वजनही कमी होईल आणि तुटायच्याही नाहीत," काका म्हणाले.

मला ते पटेना. जाड तार तुटते आणि बारीक टिकते, हे कसं? पण त्या चाकाचे आता सहा हजारांहून जास्त किलोमीटर झाले. दोनदा आउट काढावा लागला, म्हणजे तारा आवळून-सैल करून चाक सरळ करावं लागलं, पण तार एकही तुटलेली नाही. सायकल हलकी करायची पण कमजोर होऊ द्यायची नाही, यामागचं जवळजवळ सगळं शास्त्र त्या एका तारेत आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तार कुठे तुटते ते आधी पाहा. मधोमध तुटलेली तार मी अजून पाहिलेली नाही. ती तुटते हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे तिला काटकोनात वाक दिलेला असतो, नाहीतर रिमजवळ आट्यांपाशी. आणि बहुतेक वेळा ती एका मोठ्या दणक्यानं तुटत नाही. लोखंडी तारेचा तुकडा हातात घेऊन इकडून तिकडे वाकवत राहिलं की पंधरा-वीस वेळांनी तो तुटतो. ज्या जोरानं तो पहिल्यांदा नुसताच वाकला होता, त्याच जोरानं शेवटी तुटतो. याला धातूचा थकवा म्हणतात. आत केसासारखी चीर पडते, दर वेळी ती थोडी पुढे सरकते आणि एक दिवस उरलेला धातू पुरत नाही.

चाकात हे किती वेळा घडतं? २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४३५ फेरे आणि हजार किलोमीटरला सव्वाचार लाखांहून जास्त. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा खाली येते, तेव्हा तिच्यावरचा ताण कमी होतो; वर जाताना पुन्हा वाढतो. हे ढिलं होणं आणि ताणलं जाणं जितकं मोठं, तितका थकवा लवकर.

इथे बारीक तारेचा उपयोग होतो. तार म्हणजे अतिशय कडक रबरबँड समजा. १०० किलोचा ताण दिला तर २ मिलिमीटर जाडीची सरळ तार जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबते. मध्ये १.८ मिलिमीटर असलेली त्याहून थोडी जास्त, आणि मध्ये १.५ मिलिमीटर असलेली जवळजवळ ०.८ मिलिमीटर. खालून दगड लागून रिम किंचित आत दबली की जाड तारेचा ताण चटकन उतरतो, कारण तिच्याकडे लांबीचा साठा कमी असतो. बारीक तार तेवढ्यानं ढिली पडत नाही आणि तो भार शेजारच्या तारांमध्येही वाटला जातो. वाक आणि आटे या दोन नाजूक जागा मात्र पूर्ण २ मिलिमीटरच्याच राहतात. दोन्ही चाकांच्या ६४ तारा बदलल्यावर वजन सुमारे ७० ग्रॅमनं घटलं. ७० ग्रॅम म्हणजे फार नाही, पण मजबुती गमावण्याऐवजी मिळवून घटलेलं ते वजन आहे.

जिथे जोर येतो तिथे धातू ठेवायचा आणि जिथे येत नाही तिथला काढायचा, एवढंच तत्त्व आहे. सायकलच्या नळ्यांच्या बाबतीत ते फार जुनं आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली अशा नळीचं पेटंट घेतलं, जी बाहेरून सारखीच दिसते पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. घराण्याचा धंदा खिळ्यांचा होता. फ्रेममध्ये सगळ्यात जास्त जोर सांध्यांवर येतो, नळीच्या मध्यावर नाही. तेव्हा मधला धातू नुसता ओझं म्हणून सोबत फिरत असतो. आजच्या चांगल्या ॲल्युमिनिअम फ्रेमच्या नळ्याही अशाच असतात. वरून ते दिसत नाही, पण नखानं टिचकी मारली तर मध्यावरचा आणि सांध्याजवळचा आवाज वेगळा येतो.

बांबूची शिकवण

फ्रेमच्या नळ्या जाडजूड का झाल्या, हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. आजोबांच्या काळ्या सायकलीची नळी अंगठ्याएवढी होती आणि ती सायकल वीस किलोच्या घरात जायची. आजच्या माउंटन बाइकची नळी मनगटाएवढी, आणि तरी हलकी.

बांबू पाहा. वाऱ्यात वाकणाऱ्या काठीच्या मधल्या भागाला काहीच काम नसतं. एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि गाभा नुसता मध्ये बसून असतो. बांबूनं तो गाभाच ठेवला नाही, सगळा धागा बाहेरच्या भिंतीत नेला. नळीचंही तसंच. समजा नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंत निम्मी पातळ केली. धातू तेवढाच लागला, म्हणजे वजन तेच. पण वाकण्याला होणारा विरोध चौपट होतो आणि वाकवून मोडायला लागणारा जोर दुप्पट. हा फुकटातला फायदा आहे.

मग भिंत अशीच पातळ करत का जात नाहीत? कारण एका मर्यादेपुढे नळी वाकण्याआधी चेपते. शीतपेयाचा रिकामा डबा सरळ दाबला तर बराच भार घेतो, पण बाजूला बोटानं हलकी खळी पाडा, तो लगेच कोसळतो. नळ्या घडवणाऱ्यांचा ठोकताळा असा, की व्यास भिंतीच्या जाडीच्या पन्नासपटीच्या पुढे नेऊ नये. बांबूनं यावरही उपाय केलाय: पेरापेरावर आडवा पडदा, म्हणजे नळी चपटी होत नाही.

धातूंबद्दल एक गैरसमज इथेच दूर करते. ॲल्युमिनिअम हलकं, म्हणून फ्रेम हलकी, असं आपण सहज म्हणतो. एका घन सेंटिमीटर पोलादाचं वजन ७.८५ ग्रॅम, टायटॅनिअमचं ४.५, ॲल्युमिनिअमचं २.७ आणि कार्बन फायबर व राळ मिळून होणाऱ्या पदार्थाचं साधारण १.६. पण ॲल्युमिनिअम जसं पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, तसंच ते ताठपणातही एक तृतीयांशच आहे. टायटॅनिअमही पोलादापेक्षा जितक्या पटीनं हलकं, जवळजवळ तितक्याच पटीनं कमी ताठ. म्हणजे वजनाच्या हिशेबानं या तीन धातूंचा ताठपणा जवळजवळ सारखाच. ॲल्युमिनिअमचा खरा फायदा असा, की ते हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनात मोठ्या व्यासाची नळी करता येते आणि तरी भिंत चेपण्याइतकी पातळ होत नाही. अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या गॅरी क्लाइन यांनी १९७०च्या दशकात हेच ओळखून मोठ्या व्यासाच्या ॲल्युमिनिअम नळ्यांच्या फ्रेम बनवल्या. आज रस्त्यावर दिसणारी जवळपास प्रत्येक ॲल्युमिनिअम सायकल त्या विचाराची नातवंडं आहेत.

ॲल्युमिनिअमची एक अडचण मात्र कायम लक्षात ठेवायला हवी. पोलाद आणि टायटॅनिअम यांच्यात ताणाची एक पातळी असते, तिच्या खाली राहिलं तर ते कितीही वेळा वाकलं तरी थकत नाही. ॲल्युमिनिअमला अशी सुरक्षित पातळी नाही. छोटे छोटे ताणही त्याच्या खात्यात जमा होत राहतात. म्हणून ॲल्युमिनिअमचे भाग मुद्दाम गरजेपेक्षा बरेच भक्कम बनवतात. ते 'जास्तीचं' वाटणारं मांस कानसून काढायचा मोह झाला, तर आपण त्या भागाचं आयुष्यच कानसून काढत असतो.

हिशेब : वजन आहे कुठे?

माउंटन बाइकचा जन्मच जड सायकलीतून झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण १९३०-४०च्या दशकांतल्या जुन्या, फुग्यासारख्या टायरांच्या सायकली डोंगरावर चढवून न्यायचे आणि भन्नाट वेगानं खाली आणायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. उतरणीत मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून त्या रस्त्याचं नावच 'रीपॅक' पडलं. त्या सायकली वीस किलोच्या वरच्या. जो ब्रीझ यांनी १९७७ साली खास डोंगरासाठी क्रोम-मॉली (क्रोमिअम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची फ्रेम बांधली, ती सायकलसुद्धा सुमारे १७ किलोंची होती. कॅलिफोर्नियातलेच कीथ बॉन्ट्रेगर पुढे रस्त्याच्या सायकलीची हलकी रिम कापून, पुन्हा गोल वळवून, लहान व्यासाची माउंटन बाइकची रिम करायचे. त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य सायकलवाल्यांना पाठ असतं: मजबूत, हलकं, स्वस्त, यातलं कुठलंही दोन निवडा.

नवा भाग विकत घेताना ते वाक्य खरं आहे. पण हातात असलेल्या सायकलीत, विशेषतः आपल्याकडे मिळणाऱ्या सुरुवातीच्या किमतीच्या सायकलीत, फुकट काढण्यासारखंही बरंच असतं. माझी पुढे शॉक ॲब्सॉर्बर आणि मागे काही नाही अशा प्रकारची सायकल घेतली तेव्हा १५.६ किलोंची होती. सगळी उघडून एकेक भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. फ्रेम २.१ किलो. पुढचा चिमटा, म्हणजे स्प्रिंगचा फोर्क, २.६. टायर-ट्यूब सोडून दोन्ही चाकं अडीच. टायर आणि ट्यूब मिळून २.१५. क्रँक, म्हणजे पेडलच्या दांड्या आणि पुढच्या दातेरी चकत्या, आणि तिचं बेअरिंग १.१५. गिअरचे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे भाग), शिफ्टर (हँडलवरचे गिअरचे खटके), चेन, केबल मिळून १.१, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) ४००, ब्रेक ९००, हँडल, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) आणि ग्रिप साडेनऊशे, सीट आणि सीटपोस्ट ८५०, पेडल ४०० ग्रॅम. आणि स्टँड, रिफ्लेक्टर, चेनगार्ड, कॅसेटमागची प्लॅस्टिकची तबकडी वगैरे मिळून तब्बल अर्धा किलो.

यादी लिहिल्यावर लक्षात येतं, की लोक ज्या फ्रेमच्या मागे लागतात ती यात जेमतेम सातातला एक भाग आहे. दोन फ्रेममध्ये फरक पडून पडून पाचशे-सहाशे ग्रॅमचा, आणि पैसे सगळ्यात जास्त.

एक किलो कमी केल्यानं नेमकं मिळतं काय, हेही प्रामाणिकपणे मोजायला हवं. सिंहगडाच्या पायथ्यापासून गाडीरस्त्यानं वर जाताना उंची वाढते सुमारे ६०० मीटर. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले आणि पायात सतत १५० वॅटची ताकद असली, तर निव्वळ उंची चढायला साधारण ५५ मिनिटं लागतात. एक किलो कमी केला की सुमारे ४० सेकंद वाचतात. शर्यतीत हे पुष्कळ आहे; रविवारच्या चक्करला घड्याळ पाहिलं तर काहीच नाही. पण माउंटन बाइकमध्ये वजनाचा दुसराही अर्थ असतो. सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात, दगडावरून पुढचं चाक उचलून ठेवावं लागतं, घसरत्या वळणावर ती आपल्या अंगाखाली पटकन फिरवावी लागते. तिथे दोन किलोंचा फरक हातांना स्वच्छ कळतो.

चाकाच्या कडेचं वजन दुप्पट मोजायचं, असं म्हणतात. ते अर्धं खरं आहे. चाक पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून वेग वाढवताना टायरवरचा एक ग्रॅम फ्रेमवरच्या दोन ग्रॅमइतकी शक्ती मागतो. सतत एका लयीत चढताना मात्र तो एक ग्रॅमच असतो. डोंगरवाटेवर दर वळणाला थांबणं आणि पुन्हा वेग घेणं चालूच असतं, म्हणून चाकापासून सुरुवात करणं इथे शहाणपणाचं.

टायरपासून सुरुवात

सुरुवातीच्या किमतीच्या सायकलीचं टायर कडेला पोलादी तारेवर बांधलेलं असतं. त्याजागी घडी होणारं टायर, म्हणजे कडेला ॲरामिड धाग्याचा गोफ असलेलं, घातलं की एका टायरमागे शंभर ग्रॅम सहज वाचतात. तो धागा ताणाला भक्कम असतो, त्यामुळे इथे मजबुतीची तडजोड नाही. तडजोड सुरू होते ती टायरची भिंत पातळ करताना. शर्यतीसाठी अगदी कागदी भिंतीची टायर मिळतात. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाच्या धारेवर ती बाजूनं चिरतात आणि बाजूची चीर कुठल्याच ठिगळानं धड सांधत नाही. मी पुढे हलकं आणि मागे एक पायरी भक्कम असं टायर वापरते, कारण बसल्यावर निम्म्याहून जास्त भार मागे येतो आणि दगडावर आपटतंही तेच चाक.

दुसरी गोष्ट ट्यूबलेस. २९ इंची चाकाची साधी ट्यूब दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅमची. ती काढून रिमला टेप, व्हॉल्व्ह आणि शंभर मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा पातळ द्रव, घातलं तर वजन होतं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. चाकामागे ऐंशी-शंभर ग्रॅम वाचले. पण मी हे वजनासाठी सुचवत नाहीये. ट्यूब नसली की टायर आणि रिमच्या मध्ये ती चिमटून पडणारं पंक्चरच उरत नाही, त्यामुळे हवा कमी ठेवता येते. कमी हवेचं टायर दगडावर उसळत नाही, चिकटून चालतं. आणि आपल्या माळरानावर बाभळीचे काटे! एका सकाळी मी टायरमधून अकरा काटे उपटले, प्रत्येक भोकातून पांढरा थेंब आला आणि बंद झाला. ट्यूब असती तर त्या दिवशी घरी चालत आले असते. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, तेवढं दर दोन-तीन महिन्यांनी पाहावं लागतं.

अगदी हलक्या, प्लॅस्टिकसारख्या दिसणाऱ्या टीपीयू ट्यूबही आता मिळतात, शंभर ग्रॅमच्या आत. जवळ सुटी ट्यूब म्हणून उत्तम. काट्यांच्या मुलखात चाकात घालून फिरायला नको.

रिम आणि तारांबद्दल वर सांगितलंच. निप्पल, म्हणजे तार रिमला आवळणारी छोटी नटं, मात्र पितळेचीच ठेवा. ॲल्युमिनिअमची घेतली तर ६४ निप्पलमागे चाळीसेक ग्रॅम वाचतात, पण कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत आणि घाटावरच्या पावसाळ्यात ती गंजून आतल्या आत चिकटतात. मग आउट काढायला किल्ली फिरवली की निप्पलचं डोकंच तुटून हातात येतं.

फोर्क, गिअर, सीट

सर्वांत मोठा एकरकमी फायदा फोर्कमध्ये. स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा असलेला फोर्क घेतला की सहाशे-सातशे ग्रॅम जातात. हवा कमी-जास्त करून तो आपल्या वजनाला जुळवता येतो, म्हणून मुळात चालतोही चांगला. खर्च मोठा आहे, हे खरं. पण पैसे साठवून एकच मोठी गोष्ट करायची असेल तर मी हीच करीन. फक्त फ्रेम जेवढ्या प्रवासाच्या, म्हणजे जेवढं अंतर दबणाऱ्या, फोर्कसाठी बनवली आहे तेवढाच घ्या. लांब फोर्क लावला की तरफ लांब होते आणि हँडलखालच्या नळीच्या सांध्यावर जास्त जोर येतो.

गिअरचा हिशेब जरा फसवा आहे. पुढच्या तीन चकत्या काढून एकच ठेवली की पुढचा डिरेलर, डावा शिफ्टर, केबल, दोन चकत्या एवढं सगळं जातं. पण मागे ११-३४ची कॅसेट काढून ११-५०ची घालावी लागते, आणि ती स्वस्तातली घेतली तर दोनशे ग्रॅम जडच असते. मागचा डिरेलरही बदलावा लागतो. पोकळ आसाची क्रँक धरून निव्वळ फायदा साडेतीनशे-चारशे ग्रॅम. चढावरचा सगळ्यात हलका गिअर गमावत नाही: २२ दात पुढे आणि ३४ मागे म्हणजे ०.६५, ३२ पुढे आणि ५० मागे म्हणजे ०.६४. हायवेवर मात्र ४२-११चा वेग गेला. ज्यांची सायकल आठवडाभर ऑफिसला आणि रविवारी डोंगरात जाते, त्यांनी हा बदल विचारपूर्वक करावा.

सीट आणि सीटपोस्ट बदलून तीनशेहून जास्त ग्रॅम निघाले. जाड जेलची, स्प्रिंगवाली गादी जड तर असतेच, शिवाय लांबच्या चकरेत तीच जास्त टोचते. सीटपोस्ट लांब असेल तर खालून दहा सेंटिमीटर कापून पन्नास-साठ ग्रॅम वाचतात. मात्र कापण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा: पोस्टवरच्या किमान खोलीच्या खुणेइतकी ती फ्रेममध्ये राहायलाच हवी, आणि शिवाय तिचं टोक आडवी नळी जिथे जोडली जाते त्या सांध्याच्या खाली गेलं पाहिजे. खूण कायम टोकापासून मोजलेली असते. कापल्यावर ती तेवढीच वर सरकवून धरायची. हे न पाहता कापलेल्या पोस्टनं फ्रेमचा वरचा सांधा उभा चिरलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

बटण दाबल्यावर खाली जाणारी ड्रॉपर सीटपोस्ट साध्या पोस्टपेक्षा तीनशे-चारशे ग्रॅम जड असते. तरी उतरणीवर जाणाऱ्यांना मी ती घ्यायला सांगते. तीव्र उतारावर सीट मध्ये न येता अंग मागे नेता आलं की पुढे उलटण्याची भीती कमी होते. वजन कमी करताना कुठे वाढवायचं हेही ठरवावं लागतं.

आणि स्टँड, चेनगार्ड, तबकड्या काढून टाका. अर्धा किलो, पाना घेऊन पंधरा मिनिटांत, एक रुपया न खर्चता. मागचा लाल रिफ्लेक्टर आणि घंटी मात्र राहू द्या. रस्त्यावरून घरी यायचंच असतं.

जिथे हात लावायचा नाही

भोकं पाडून वजन कमी करण्याची कल्पना जुनी आहे आणि अजूनही काहींना सुचते. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापण्याचा विक्रम केला, तेव्हा इटलीचे सायकल बांधणारे एर्नेस्टो कोल्नागो यांनी त्यांच्यासाठी बांधलेली सायकल ५.७५ किलोंची होती. चेनच्या कड्यांनाही भोकं होती. पण त्या सायकलीला आयुष्यात एकच काम होतं: गुळगुळीत ट्रॅकवर एक तास टिकणं. रुंद पट्टीला ताण देऊन पाहिलं तर गोल भोकाच्या काठावर तो ताण सुमारे तिप्पट होतो, आणि थकव्याची चीर तिथूनच सुरू होते. ब्रेकच्या लिव्हरला, क्रँकला, हँडलला ड्रिल लावू नका. हँडल आणि स्टेमवर खोल ओरखडा पडला असेल तर त्याच नियमानं तो भाग संशयित धरा.

बोल्टही तसेच. टायटॅनिअमचा बोल्ट पोलादी बोल्टच्या जवळजवळ ५७ टक्के वजनाचा. ४ ग्रॅमचे दहा बोल्ट बदलले तर वाचले १७ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर पाणी. ॲल्युमिनिअमचे रंगीत बोल्ट त्याहून हलके; ते पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याला खुशाल लावा. स्टेम, ब्रेकचा कॅलिपर आणि डिस्क इथे कधीही नाही. डिस्कही लहान किंवा फार विरळ जाळीची घेऊ नये. ती उष्णता साठवते आणि सोडते. लांब घाट उतरताना तेवढा धातू लागतो.

कार्बनबद्दल लोक दोन टोकांना असतात. चांगल्या कारखान्यात बनलेलं कार्बनचं हँडल कमजोर नसतं. धागे कुठल्या दिशेनं अंथरायचे हे ठरवता येत असल्यामुळे जोर जिथे येतो तिथेच ताकद ठेवता येते, आणि थकव्याला ते ॲल्युमिनिअमपेक्षा पुरून उरतं. त्याला सोसत नाही ती टोकदार वस्तूची धडक आणि वेडावाकडा आवळलेला क्लॅम्प. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते मोजणारा पाना, हवाच. स्टेमच्या बोल्टवर साधारण ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, ते हाताच्या अंदाजानं येत नाही. आणि नामांकित शिक्का मारलेलं, पण किमतीत कुठेच न बसणारं नकली कार्बन ऑनलाइन मिळतं. बाहेरची वीण सुंदर दिसते, आत काय अंथरलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. तोंडासमोरच्या भागासाठी ते घेऊ नये. त्यापेक्षा चांगलं ॲल्युमिनिअम हँडल घ्या, फरक शंभरेक ग्रॅमचा.

हलकी फ्रेम घ्यायचीच असेल तर तिच्यावरचा वापराचा वर्ग वाचा. अनेक उत्पादक १ ते ५ असा आकडा देतात. वर्ग ३ म्हणजे खडबडीत वाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या. वर्ग ४ म्हणजे १२२ सेंटिमीटरपर्यंत. वर्ग ३ची हलकी फ्रेम तिच्या कामासाठी पूर्ण भक्कम आहे. तिच्यावरून छातीएवढ्या उंचीच्या दगडावरून उडी मारली तर दोष फ्रेमचा नाही.

ॲल्युमिनिअम फ्रेमला चीर गेली तर गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ती वेल्ड करून मिळते, दिसायलाही छान दिसते. पण ६०६१ जातीच्या ॲल्युमिनिअमची ताकद भट्टीतल्या उष्णतेच्या प्रक्रियेनं आलेली असते. वेल्डिंगच्या आचेनं सांध्याजवळची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. कारखान्यात जोडकाम झाल्यावर पूर्ण फ्रेम पुन्हा त्या प्रक्रियेतून काढतात. गल्लीत तशी भट्टी नसते. अशी फ्रेम घरापासून बाजारापर्यंतही मला धोक्याची वाटते, मग डोंगर तर दूरच. क्रोम-मॉली पोलादाची फ्रेम मात्र चांगल्या हाताकडून पुन्हा जोडून घेता येते. लांबच्या, एकट्याच्या प्रवासाला निघणारे म्हणूनच ते जास्तीचे काही शे ग्रॅम आनंदानं वाहतात.

माझी सायकल आता १२.८ किलोंची आहे. १५.६पासून इथवर यायला दीड वर्ष लागलं. जुना भाग झिजला की त्याच्याजागी हलका, असं करत गेले. फ्रेम तीच.

नवे भाग लावल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा रेंचनं तपासते, कारण नवे भाग बसताना थोडे सैल पडतात. तारा दोन-दोन एकत्र चिमटीत दाबून पाहते आणि नखानं छेडते. एका बाजूच्या तारांचा सूर साधारण सारखा लागला पाहिजे. पावसाळ्यात दर आठवड्याला सायकल धुते ती मुख्यतः बघण्यासाठी. हँडलखालच्या नळीचा खालचा सांधा, क्रँकभोवतीचे जोड आणि सीटपोस्ट आत जाते ती कड, या तीन जागी कपडा फिरवते. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावरून नख आडवं ओढते. नख अडलं नाही तर बहुधा रंगच तडकलेला. त्या जागेचा फोटो काढून ठेवते आणि पुढच्या आठवड्यात रेघ वाढली का ते पाहते. नख अडलं, तर त्या दिवशी सायकल घरीच राहते.